मुलांची नगरं आणि कारभाराच्या किल्ल्या

मे २०२० मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली साडेपाच वर्षं गावाचा कारभार प्रशासकाने पाहिला. शिरगाव, कात्रप, मांजर्ली, बेलवलीतलं जे मूल टाळेबंदीच्या वर्षी चौथीत होतं, ते नववी-दहावीला पोहोचलं तरी त्याच्या प्रभागाला निवडून आलेला नगरसेवक नव्हता. गटाराच्या किंवा रस्त्याच्या प्रश्नावर सभागृहात कुणाला जाब विचारता येतो, हे त्याच्या अनुभवात आलंच नाही. याच वर्षांत संध्याकाळी क्लास आटोपल्यावर यातली कितीतरी मुलं स्वतः नगरं वसवत होती, कर बसवत होती, भूखंड वाटत होती, एकमेकांना हद्दपारही करत होती. ही नगरं मायनक्राफ्ट या खेळात होती.

या खेळनगरांबद्दल घरोघरी दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, डोळे आणि अभ्यास यांची वाट लागते, बंद करा. दुसरं म्हणतं, मुलं नियोजन शिकतात, नेतृत्व शिकतात, खेळू द्या. दोन्हींत तथ्य आहे, आणि खेळायला किती वेळ द्यावा याचा निकाल प्रत्येक घराने आपापला लावावा. मला त्याच्या पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मुलं नगर चालवणारच असतील, तर त्या नगराच्या किल्ल्या कुणाकडे असाव्यात? मुलांकडे, सर्व्हर ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे, की शाळा आणि पालकांकडे? हा प्रश्न पोरखेळाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सत्ता म्हणजे काय, याची पहिली ओळख आज अनेक मुलांना इथेच होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मायनक्राफ्ट २०११ साली पूर्ण स्वरूपात आला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही स्वीडिश कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. खेळात ठोकळ्यांचं जग असतं. खणायचं, ठोकळे जमवायचे, रचायचे. अनेकांनी एकत्र खेळायचं तर एक सर्व्हर लागतो आणि त्यावर टाऊनीसारखी जोड बसवली की जमिनीला मालकी येते. सोळा बाय सोळा ठोकळ्यांचा एक चौकोन, असे चौकोन घेत नगर वाढतं. जो खेळातले पैसे भरून नगर स्थापन करतो तो मेयर होतो. मेयर भूखंड विकतो, रोजचा कर ठरवतो आणि कुणाला कुठे बांधता येईल, कुठलं दार उघडता येईल, हेही ठरवतो. नगराच्या तिजोरीतून रोज देखभालीचा खर्च वजा होतो. तिजोरी रिकामी झाली की नगर मोडतं आणि जमिनीचं संरक्षण जातं. कर भरायला ज्याच्याकडे पैसे उरत नाहीत, तो नगरातून आपोआप बाहेर पडतो. एवढं सगळं बारा-तेरा वर्षांचं मूल कुणी न शिकवता समजून घेतं, हे मला आजही विशेष वाटतं.

शिरगावातल्याच एका इमारतीतल्या मुलांचं नगर मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. मधोमध बाजारपेठ, एका अंगाला रेल्वे, पलीकडे धरण. त्या दिवशी तिथे तंटा चालला होता. सातवीतली एक मुलगी गणपतीला कोकणात गावी गेली होती आणि तिकडे नेटवर्क नव्हतं. रोजचा कर तिच्या खात्यातून कापला जात राहिला, खातं रिकामं झालं आणि प्रोग्रामने तिला नगराबाहेर काढलं. तिचं दुमजली घर जागेवर उभं होतं, पण भूखंड नगराकडे परत गेला आणि मेयरने तो दुसऱ्याला विकून टाकला. ती रडकुंडीला आली होती. मेयर तिच्याहून वर्षाने मोठा, आणि त्याचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. “काका, मी काढलं नाही तिला. सिस्टीमने काढलं. रूल सगळ्यांना सेम आहे.” दुसरा एक मुलगा म्हणाला, “मग रूलच चुकीचा आहे ना!” बराच वेळ वाद चालला. शेवटी ठरलं ते असं: गावी जाणाऱ्याने आधी सांगायचं, तेवढे दिवस त्याचा कर नगराच्या तिजोरीतून भरायचा आणि या मुलीला शेजारचा भूखंड फुकट द्यायचा. घर मात्र विकत घेणाऱ्याकडेच राहिलं. ती पूर्ण समाधानी नव्हती, पण नव्या भूखंडावर तिने पाया घातला.

या एका तंट्यात दोन्ही बाजू भरलेल्या आहेत, म्हणून तो सविस्तर सांगितला.

आधी जमेची बाजू. कायदा सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे त्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर, स्वतःच्या मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलं. नियम करणाऱ्याने गणपतीचा विचार केला नव्हता. त्यांनी तो केला, नियमात रजेची सोय केली आणि तिचा खर्च सगळ्यांनी वाटून घेतला. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं. मतदान होतं, आरोग्यमंत्री आणि स्वच्छतामंत्री निवडले जातात. उपक्रम चांगला आहे, पण बहुतेक ठिकाणी मंत्र्याच्या हाती ठरवण्यासारखं फारसं काही नसतं. शिक्षक सांगतात ते करायचं. खेळातल्या नगरात मात्र निर्णयाला परिणाम असतो. कर वाढवला तर माणसं सोडून जातात, कमी केला तर तिजोरी आटते. भिंत आधी बांधायची की रस्ता, याचं उत्तर चुकलं तर त्याच आठवड्यात दिसतं. चूक करण्याची मुभा आणि चुकीचा हिशेब, दोन्ही एकत्र मिळण्याची जागा मुलांच्या आयुष्यात फार थोडी असते.

खऱ्या शहरनियोजनातही या खेळाचा उपयोग झालेला आहे. २०१२ साली मोजांग आणि संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था यांनी ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. वस्तीतली मोकळी जागा खेळात हुबेहूब उभारायची आणि तिथल्या रहिवाशांनी, मुलामुलींनी ती आपल्याला हवी तशी करून दाखवायची, अशी त्याची पद्धत. नैरोबीतल्या किबेरा वस्तीत हे काम सुरुवातीला झालं. नकाशा वाचता न येणारा माणूसही ठोकळ्यांच्या जगात ‘इथे दिवा हवा’ हे बोट ठेवून सांगू शकतो, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे उद्यानांची आरक्षणं आराखड्यावर येतात तेव्हा ती कशी असावीत, हे त्या भागातल्या मुलांना कधी विचारलं जातं का? विचारायचं ठरवलं तर साधन हाताशी आहे.

आता उणी बाजू, आणि ती हलकी नाही.

पहिली गोष्ट, या नगरांत मेयर निवडून येत नाही. ज्याने नगर स्थापन केलं तो मेयर, आणि तो स्वतः पायउतार होईपर्यंत तोच मेयर. मतदान घ्यायचं तर मुलांना ते वेगळं ठरवावं लागतं. टाऊनीच्या मूळ रचनेत त्याची सक्ती नाही. मेयरच्याही वर सर्व्हरचा मालक, ज्याला मुलं ‘ओनर’ म्हणतात. सर्व्हरचं महिन्याचं भाडं ज्याच्या वडिलांच्या कार्डावरून जातं, तो नगर बंद करू शकतो, कुणालाही बॅन करू शकतो, हवेतून सोनं निर्माण करून मित्राला देऊ शकतो. पैसे भरणाऱ्याचा शब्द शेवटचा, ही रीत आपल्याला अपरिचित नाही. मुंबई महापालिकेची प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक १९४८ साली झाली. तोवर मताचा हक्क कर किंवा भाडं भरण्याशी बांधलेला होता आणि शहर उभारणाऱ्या कामगारांपैकी बहुतेकांना मत नव्हतं. त्या अटीतून बाहेर पडायला आपल्याला कितीतरी दशकं लागली. आपली मुलं रोज संध्याकाळी पुन्हा त्याच अटीत राहत असतील, तर निदान हे त्यांच्याशी बोललं गेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. खेळातला नियम मोडताच येत नाही. परवानगी नसेल तर ठोकळा बसत नाही, विषय संपला. खऱ्या गावात ठोकळा बसतो. शेजारचं उल्हासनगर पाहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं आणि माणसांनी राहत राहत, धंदा करत करत शहर उभं केलं. त्यात परवानगीविना झालेली बांधकामं इतकी होती की ती नियमित करण्यासाठी २००६ साली राज्याला खास कायदेशीर तरतूद करावी लागली. नियम मोडला गेला आहे, मोडणारी माणसं आपलीच आहेत, त्यांचं घर तिथे आहे. आता पाडायचं, दंड घ्यायचा की सामावून घ्यायचं? नगराच्या कारभारातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच असतो आणि खेळाचा प्रोग्राम तो उद्भवूच देत नाही. घरपट्टी थकली म्हणून आपली नगरपरिषद कुणाला गावाबाहेर काढत नाही. नोटीस जाते, व्याज लागतं, जप्तीची कारवाई होते, माणूस अपील करतो. कोकणात गेलेल्या मुलीला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

तिसरी गोष्ट सत्तेच्या हद्दीची. खेळातला मेयर पाणी, रस्ता, जमीन, पहारा या सगळ्यांचा धनी असतो. बदलापुरात नळाचं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, वीज महावितरण, स्टेशन रेल्वेचं, बारवी धरण एमआयडीसीचं आणि प्रदेशाचं नियोजन एमएमआरडीएकडे. निवडून आलेला नगराध्यक्षही निम्म्या प्रश्नांवर पत्र लिहिण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. शिवाय खेळातली नदी कधी पात्र सोडत नाही. उल्हास नदी सोडते. २६ जुलै २००५ ला सोडलं, २०१९ च्या जुलैत सोडलं, तेव्हा बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदीकाठी किती जवळ बांधू द्यायचं, हा इथल्या कारभाराचा कळीचा मुद्दा आहे. खेळात नदीकाठ म्हणजे फक्त चांगला देखावा. म्हणून ‘मुलं शहर चालवायला शिकतात’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. ती एकत्र राहायला शिकतात, आणि तेही काही अटींवर.

या अटी कोणत्या, हे ठरवायला जुने अनुभव उपयोगी पडतात. कारण मुलांसमोर आज जो पेच आहे तो माणसांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पाहिलेला आहे.

१९९० साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ नावाचं एक जग सुरू केलं. त्यात चित्रं नव्हती, सगळा व्यवहार मजकुरात. पण घरं होती, खोल्या होत्या, रहिवासी होते आणि सर्वाधिकार असलेले ‘विझर्ड’ होते. वस्ती वाढली तशी भांडणं वाढली आणि सगळी विझर्डांच्या दारी येऊ लागली. कंटाळून १९९२ च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त यंत्रणा सांभाळू, सामाजिक निर्णय तुमचे तुम्ही घ्या. ऐकायला हे किती चांगलं वाटतं! पण रहिवाशांच्या हाती निर्णय घेण्याची कोणतीही रीत दिलेली नव्हती. काही महिन्यांतच एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर सगळ्यांदेखत अश्लील हल्ला केला. लोक संतापले, सभा झाली, तासन्‌तास बोलणं झालं आणि निर्णय मात्र होईना, कारण निर्णय म्हणजे काय हेच ठरलेलं नव्हतं. शेवटी एका विझर्डने स्वतःच्या जबाबदारीवर त्या पात्राला कायमचं काढून टाकलं. मग कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत आणली. ती काही वर्षं चालली, खडखडत चालली. १९९६ मध्ये विझर्डांनी पुन्हा जाहीर केलं की यंत्रणेचे निर्णय आणि समाजाचे निर्णय वेगळे करता येत नाहीत, आणि सत्ता परत घेतली.

या कहाणीचा एकच अर्थ काढणं अन्यायाचं होईल. एक वाचणारा म्हणेल, पाहा, लोकांना राज्य चालवता आलं नाही. मी ती वेगळी वाचतो. १९९२ मध्ये विझर्डांनी जबाबदारी सोडली, पण किल्ल्या स्वतःकडेच ठेवल्या. जिथे अधिकार एकाकडे आणि दोष दुसऱ्याकडे असतो, तिथे कोणतीही सभा टिकत नाही. मात्र १९९६ च्या त्यांच्या म्हणण्यातही खरं आहे, आणि ते माझ्या मताला अडचणीचं आहे: सर्व्हरवर किती जणांना घ्यायचं, जुनी प्रत कधी पूर्ववत करायची, हे निर्णय दिसतात तांत्रिक, पण कुणाचं तरी घर त्यात वाचतं आणि कुणाचं तरी जातं.

त्यानंतर अनेक प्रयोग झाले. २००३ मध्ये आलेल्या ‘अ टेल इन द डेझर्ट’ या प्राचीन इजिप्तच्या खेळात खेळाडू कायदे मांडत, त्यावर मत देत, आणि निवडून आलेल्या एका खेळाडूला सात जणांना कायमचं हद्दपार करण्याचा अधिकार मिळे. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’मध्ये खेळाडूंची शहरं आली. तिथे मेयरची ठरावीक मुदतीने निवडणूक होई, कर होते, बांधकामाची परवानगी होती. ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडच्या खेळात २००८ पासून खेळाडू आपले प्रतिनिधी निवडतात आणि ते कंपनीशी बोलतात. निर्णय अर्थात कंपनीचाच.

मायनक्राफ्टबद्दल सगळ्यात बोलका पुरावा २०१९ चा आहे. सेथ फ्रे आणि रॉबर्ट समनर या संशोधकांनी खेळाडूंनी चालवलेल्या सुमारे पाच हजार सर्व्हर-वस्त्यांचा अभ्यास ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात मांडला. मोठ्या आणि टिकलेल्या वस्त्यांत नियम अधिक असतात आणि अधिक प्रकारचे असतात, असं त्यांना दिसलं. त्याच वस्त्यांत चालकांच्या हाती सत्ता एकवटणारे नियमही अधिक असतात. गैरवर्तन आणि यंत्रणेवरचा ताण आवरताना सत्ता वर सरकते. स्वयंशासनाच्या बाजूने बोलणाऱ्याला हा निष्कर्ष टाळून पुढे जाता येणार नाही. मी तो असा घेतो: मोठं नगर हवं असेल तर अ‍ॅडमिनची सत्ता स्वीकारावी लागेल, मुलांचं राज्य हवं असेल तर नगर लहान ठेवावं लागेल.

लहान ठेवून काय साधतं, हे आपल्या महाराष्ट्रातच दिसतं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे काही शे वस्तीचं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार असलं तरी आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची भूमिका सर्वांना माहीत आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात; आणि सभेआधी अभ्यासगट बसतो, जो विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणकाराला विचारतो, पण निर्णय घेत नाही. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९८ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते आपण रोज पाहतो. मेंढ्याची रीत बदलापूरच्या नगरपरिषदेला लागू पडणार नाही. तीस-चाळीस मुलांच्या नगराला मात्र ती जशीच्या तशी लागू पडते. शिरगावातल्या मुलांनी त्या तंट्यात नकळत तेच केलं होतं: आधी समजून घेतलं, मग सगळे हो म्हणेपर्यंत बोलत राहिले.

आता मोठ्यांच्या जागेबद्दल. ‘पालकांनी लक्ष ठेवावं’ हे लिहायला सोपं आहे. इथले निम्मे आईवडील पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री आठ-नऊला घरी पोहोचतात. मूल चार ते आठ एकटं किंवा आजीसोबत असतं. आजीला सर्व्हर म्हणजे काय हे ठाऊक नसतं आणि ती तिची चूक नाही. त्यामुळे बाहेरच्या, अनोळखी, मोठ्या सर्व्हरवर मूल गेलं तर तिथे त्याच्याशी कोण बोलतं हे घरात कुणालाच कळत नाही. तिथे पैशाचाही मोह असतो. खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू पैशाने विकायला मोजांगच्या अटींत मनाई आहे, तरी ‘रँक’ विकत घेण्याचा हट्ट कितीतरी घरांत ऐकू येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि निव्वळ करमणुकीच्या खेळांना वाट मोकळी ठेवली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. कायद्याची चौकट तयार होत आहे, पण संध्याकाळच्या त्या चार तासांत कायदा घरात बसलेला नसतो.

म्हणून माझा कल असा आहे. आपल्याच इमारतीतल्या, आपल्याच शाळेतल्या, चेहरे ओळखीच्या मुलांचं लहान नगर असावं, आणि ते शाळेने किंवा गृहसंस्थेने आपल्या नावावर भाड्याने घ्यावं, म्हणजे कुणा एकाच्या वडिलांच्या कार्डावर त्याचं आयुष्य अवलंबून राहणार नाही. रोजचा कारभार पूर्णपणे मुलांचा: कर, भूखंड, रस्ते, तंटे. मोठ्यांच्या हाती तीनच गोष्टी असाव्यात. कुणी कुणाला छळत असेल, घरचा पत्ता-फोटो मागत असेल तर थांबवणं; खऱ्या पैशाचा व्यवहार होऊ न देणं; आणि जगाची प्रत सांभाळणं. या तीनपैकी कशाचाही वापर झाला की तो का केला, हे मुलांच्या सभेत येऊन सांगायचं. ही रेषा स्वच्छ राहणार नाही, हे लॅम्डामूने दाखवलेलं आहे. प्रत पूर्ववत करण्याच्या निर्णयातही राजकारण असेल. पण रेषा पुसट असणं वेगळं आणि रेषाच नसणं वेगळं. १९९२ मध्ये ती नव्हती.

मेयर सहामाहीला बदलावा, आणि ज्याने नगर स्थापन केलं त्याने पहिल्या सहामाहीनंतर उभं राहू नये. स्थापना करणाऱ्या मुलाला हे आवडणार नाही. त्याने रात्र-रात्र जागून नगर उभारलेलं असतं आणि त्याचा राग मला समजतो. तरीही हे हवं, कारण तिथे राहणाऱ्या बाकीच्यांनीही घरं बांधलेली असतात. कर थकला की आपोआप हद्दपारी, ही सोय बंद ठेवावी. म्हणजे कर न भरणाऱ्याचं काय करायचं हा खरा प्रश्न मुलांपुढे येईल. तो आला पाहिजे. त्यात वेळ जाईल, भांडणं होतील, कधी नगर पंधरा दिवस ठप्प होईल. ‘एवढा वेळ खेळात?’ असं पालक विचारतील तेव्हा शिक्षकांनी त्या सभांची वही दाखवावी: काय ठरलं, कोण विरोधात होतं, का. त्या वहीतली दोन पानं नागरिकशास्त्राच्या तासाला वाचली तर डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाकडून काय मागायचं, हेही मुलांना थोडं कळेल. आणि प्रभागातल्या नगरसेवकाने एकदा त्या मुलांच्या सभेला येऊन बसावं, भाषण न करता.

एक गोष्ट राहिली, आणि ती मुलं कधीच आधी ठरवत नाहीत. नगर बंद कधी आणि कसं होणार? ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ १५ डिसेंबर २०११ ला बंद झाला आणि आठ वर्षांत निवडून आलेले सगळे मेयर, सगळी शहरं एका रात्रीत गेली. रहिवाशांना त्यात बोलायला काही जागा नव्हती. मुलांचं नगरही दहावीच्या वर्षी ओसरतं, कुणी कल्याणला राहायला जातं, भाडं भरणं थांबतं. मायनक्राफ्टचं जग ही शेवटी एक फाईल असते आणि तिची प्रत काढता येते. नगर बंद होताना ती प्रत प्रत्येक रहिवाशाला मिळावी, मध्येच सोडून गेलेल्यालाही. आणि ती कोण काढणार, कुणाकडे राहणार, हे नगर वसवतानाच्या पहिल्या सभेत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं.